ॲपची कल्पना, कोडची मालकी आणि नावाचा प्रश्न

सॉफ्टवेअर आणि त्यावरचा हक्क या विषयावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षेपाने छापली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा पदवीधर असून आमची केळीची शेती आहे. कापणीच्या वेळी बोर्डाचा भाव एक असतो आणि हातात पडणारा दुसरा. दांड्याच्या वजनाची कटती (वजावट) किती धरली हे पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मिळाल्याशिवाय कळत नाही. लागवडीची तारीख नोंदवली की कापणीचा अंदाज, त्या दिवसाचा भाव आणि कटती वजा जाता मिळणारी रक्कम एकाच ठिकाणी दाखवणारे ॲप मी तयार केले. भांडवलासाठी ते एका ओळखीच्या व्यावसायिकांना माझ्या मोबाइलवर दाखवले. ते 'बघू' म्हणाले. पुढे त्यांच्याच नात्यातील एकाने नेमके तेच काम करणारे ॲप बाजारात आणले. कल्पना माझी आहे. मला नोटीस पाठवता येईल का? (एक तरुण शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : नोटीस कोणालाही पाठवता येते, तिच्यात काय लिहायचे हा खरा प्रश्न आहे. 'माझी कल्पना चोरली' एवढेच लिहिले, तर समोरचा वकील एका परिच्छेदात उत्तर देऊन मोकळा होईल.

आपल्याकडे सॉफ्टवेअरला मुख्यतः संरक्षण मिळते ते कॉपीराइट कायदा, १९५७ खाली. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-प्रणालीचा (प्रोग्रामचा) समावेश या कायद्यातील 'साहित्यकृती'त करण्यात आला, म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचा कोड (ॲप चालवण्यासाठी तुम्ही लिहिलेल्या सूचना) पाठ्यपुस्तकाच्या किंवा कादंबरीच्या रांगेत जाऊन बसला. ही जागा सोयीची आहे, कारण कोड लिहिला त्याच क्षणी कॉपीराइट आपोआप निर्माण होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पण त्याची मर्यादाही तेथूनच येते, कारण साहित्यकृतीत संरक्षण मांडणीला असते, विषयाला नसते. आपल्या नाटकावरून चित्रपट बेतला अशी एका नाटककाराची तक्रार फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात, कल्पना, विषय, कथानक किंवा ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट असू शकत नाही, तो फक्त त्यांच्या विशिष्ट मांडणीवर असतो, असे स्पष्ट केले. बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स हा आंतरराष्ट्रीय करारही हेच सांगतो.

तुमच्या पट्टीच्या हिशेबाला याहून जवळचा एक जुना अमेरिकन खटला आहे. चार्ल्स सेल्डन यांनी जमाखर्च ठेवण्याची एक पद्धत आणि तिचे कोरे तक्ते पुस्तकात छापले होते. पुढे बेकर यांनी त्याच पद्धतीने चालणाऱ्या, पण रकान्यांची मांडणी थोडी वेगळी असलेल्या वह्या विकायला काढल्या. १८७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पुस्तकावर हक्क आहे, पद्धतीवर नाही. ज्याला ती पद्धत वापरायची असेल त्याने ती खुशाल वापरावी. संगणक जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा हा निकाल सॉफ्टवेअरच्या वादांत आजही उद्धृत होतो, आणि तो योग्यच आहे असे मला वाटते. लागवडीच्या तारखेवरून कापणीचा अंदाज बांधणे, भावातून कटती वजा करणे ही पद्धत आहे. रावेर-यावलच्या प्रत्येक बागायतदाराच्या मनात हा हिशेब चालू असतो. तो मोबाइलवर आणण्याचा विचार तुमच्या आधी कोणाला सुचला नसेलच असे तुम्हीही छातीठोकपणे सांगणार नाही. त्यावर तुम्हाला मालकी मिळाली, तर उद्या तुमच्या ॲपपेक्षा चांगले ॲप कोणी काढले तरी ते शेतकऱ्यांपर्यंत पोचायला तुमची परवानगी लागेल. तुमच्यावरचा अन्याय मान्य करूनही हा उपाय मला पटत नाही.

मग तुमच्या हाती काय उरते? दोन गोष्टी तपासा. पहिली, नक्कल कशाची झाली आहे. तुम्ही फक्त ॲपचे पडदे (स्क्रीन) दाखवले की ॲपची फाइल किंवा कोडही पाठवला होता? कोड गेला असेल, तर चित्र बदलते. न्यायालयात कोडची नक्कल सिद्ध होते ती अनेकदा मूळ कोडमधल्या चुका दुसरीकडे जशाच्या तशा सापडल्यामुळे. अर्ध्या किलोच्या वजनावर कटती काढताना तुमचे ॲप काही पैसे चुकीचे धरत असेल आणि तोच आकडा दुसऱ्या ॲपमध्येही येत असेल, शेतकऱ्यासाठी लिहिलेल्या सूचनांतले तुमचे अशुद्ध शब्द तिकडेही तसेच दिसत असतील, तर दोघांना एकच गोष्ट सुचली हा बचाव टिकणे अवघड आहे. अशा खुणा तारखेसह नोंदवून ठेवा, पडद्यांची छायाचित्रे घ्या, आणि तुमच्या कोडचे जुने साठे पुसू नका.

दुसरी गोष्ट विश्वासाची आहे, आणि तुमच्या प्रकरणात खरा आधार येथेच मिळण्याची शक्यता आहे. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, तरीही विश्वासाने सांगितलेली गोपनीय माहिती परस्पर वापरण्यास न्यायालये मनाई करतात. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या २००३ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी मालिकेच्या नुसत्या संकल्पनेलाही असे संरक्षण दिले होते. मात्र तेथे संकल्पना लेखी टिपणात नीट विकसित केलेली होती आणि ती वाहिनीला गोपनीयतेने सादर केली होती. तुम्ही भेट ठरवताना पाठवलेले संदेश, 'हे अजून कोणाला सांगू नका' असे लिहिलेली एखादी ओळ, सोबत दिलेला आराखडा, यांतले जे काही असेल ते घेऊन वकिलाकडे जा. यांतले काहीच नसेल आणि सगळे चहाच्या टेबलावर तोंडीच झाले असेल, तर नोटिशीचा खर्च ॲपवर केलेला बरा.

नोंदणीबद्दल पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. साहित्यकृती म्हणून प्रणालीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर मूळ कोडची निदान पहिली १० व शेवटची १० पाने, कोणताही भाग न झाकता, जोडावी लागतात. कोड २० पानांहून कमी असेल तर तो पूर्ण द्यावा लागतो. दावा दाखल करण्याची वेळ आलीच, तर कायद्याच्या कलम ६२ मुळे वादी जेथे राहतो तेथील न्यायालयातही जाता येते. प्रतिवादी परगावचा असला तरी तुम्हाला सामान्यतः जळगाव सोडावे लागत नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेने ठेव-कर्जाचे सॉफ्टवेअर एका स्थानिक प्रोग्रामरकडून पूर्ण पैसे मोजून करून घेतले. आता त्यांनी काम सोडले आहे आणि 'सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ कोड) माझा आहे, देणार नाही' असे ते म्हणतात. पैसे आमचे, सॉफ्टवेअर आमच्यासाठी बनवलेले, मग मालक ते कसे? (पतसंस्थेचे व्यवस्थापक, शिरपूर)

उत्तर : बहुतेक ते बरोबर सांगत आहेत, आणि हे वाचून संचालक मंडळाला राग येईल याची मला कल्पना आहे.

कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा लेखक असतो. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून कोड लिहिला, तर विरुद्ध करार नसल्यास मालकी मालकाकडे, म्हणजे नोकरी देणाऱ्याकडे जाते. तुमचे प्रोग्रामर मात्र पगारपत्रकावर नव्हते. ते बिल देऊन पैसे घेत होते. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा तैलचित्राचा मालक पैसे देणारा ठरतो, अशी तरतूद कायद्यात आहे. प्रणालीच्या बाबतीत तशी तरतूद नाही. मालकी हस्तांतरित व्हायची असेल, तर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी दस्त लागतो, आणि त्यातही मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे व प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. 'सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट चार्जेस' असे लिहिलेले बिल म्हणजे हस्तांतरणपत्र नव्हे.

तरीही तुमचे हात बांधलेले नाहीत. प्रणालीची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, त्याला ती ज्या कामासाठी दिली त्या कामाकरिता तिची प्रत काढण्याची व तिच्यात बदल करण्याची मुभा कलम ५२ देते, सुरक्षित साठ्यासाठी प्रत ठेवण्याचीही देते. दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्यापुरती आवश्यक माहिती मिळवणे, प्रणाली कशी चालते याचे निरीक्षण करणे, हेही त्यात बसते. अर्थात मूळ कोड हातात नसताना बदलाची ही मुभा बरीचशी कागदावरच राहते. म्हणून आधी विदा (डेटा) मागा. सभासद, ठेवी, कर्जे, हप्ते यांच्या नोंदी संस्थेच्या आहेत. त्यांवर कोड लिहिणाऱ्याचा हक्क निर्माण होत नाही, आणि त्या वाचता येतील अशा स्वरूपात परत देण्याची लेखी मागणी संस्थेने आजच करावी. नोंदी मिळाल्या की दुसरे सॉफ्टवेअर बसवता येते. कोडसाठी भांडत बसलात, तर मार्चअखेरचा ताळेबंद तेवढा अडकेल.

नव्या माणसाशी करार करताना उलट टोकाला जाऊ नये, असे मी सुचवीन. व्याज काढण्याचा, पावती छापण्याचा, दैनंदिन जमाखर्चाचा जो कोड तो इतर दहा संस्थांतही वापरतो, तो तुमच्या नावे करून मागणे अन्यायाचे आहे आणि शहाणा माणूस ते मान्यही करणार नाही. त्या भागाचा कायमस्वरूपी वापर-परवाना लेखी घ्या. केवळ तुमच्या संस्थेसाठी लिहिलेल्या भागाचे हस्तांतरण मुदत व प्रदेश यांच्या उल्लेखासह करून घ्या. आणि प्रत्येक हप्त्याच्या चेकबरोबर तोपर्यंतचा सोर्स कोड ताब्यात घेण्याची अट घाला. शेवटच्या हप्त्यापर्यंत थांबू नका.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षक होतो. तासिकांचे वेळापत्रक लावताना एकाच वेळी एका शिक्षकाला दोन वर्ग येऊ नयेत, रजेच्या दिवशी बदली तास आपोआप सुचावेत, यासाठी एक्सेलमध्ये मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारा छोटा कोड) लिहून एक फाइल घरी बसून तयार केली. ती आता जिल्ह्यातील कितीतरी शाळांत वापरली जाते. माझे नाव मात्र कोणीतरी काढून टाकले, आणि एका प्रशिक्षणात दुसऱ्याच गृहस्थांनी ती स्वतःची म्हणून दाखवली. पैसे मला नकोतच. पण ज्याला सुचते त्याच्या पदरी काहीच पडू नये, हा न्याय आहे का? (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते वेगळे केले तर आपली बाजू आपल्याला वाटते त्याहून बळकट आहे.

सुचलेल्या गोष्टीवर मालकी असावी का, हा पहिला. ज्या एक्सेलवर आपण काम केले, त्या प्रकारच्या सॉफ्टवेअरचाच इतिहास पाहावा. रकाने आणि ओळींचा तक्ता, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलणारे, ही कल्पना वैयक्तिक संगणकावर १९७९ साली व्हिसीकॅल्कने आणली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन हे तिचे कर्ते. त्यांनी पेटंट घेतले नाही, कारण त्या काळी सॉफ्टवेअरला पेटंट मिळणे दुरापास्त समजले जाई. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले आणि त्याने बाजार काबीज केला, पुढे एक्सेल आले. ब्रिकलिन यांना त्यातून फार मोठी संपत्ती मिळाली नाही, हे खरे आहे. पण त्यांना पेटंटची १७ वर्षांची मक्तेदारी मिळाली असती, तर अमळनेरच्या शाळेत एका शिक्षकाने मॅक्रो लिहिण्याचा योग कधी आला असता, हे सांगणे कठीण आहे. आपली फाइल उभी आहे ती दुसऱ्याच्या मोकळ्या राहिलेल्या कल्पनेवर.

याच्या उलट काय होते, तेही घडून गेले आहे. माहिती कमी जागेत साठवण्याची एलझेडडब्ल्यू ही रीत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली, १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने ती आपल्या जिफ या चित्रप्रकारात वापरली, आणि जग ती वापरू लागल्यावर १९९४ च्या अखेरीस पेटंटधारक युनिसिस कंपनीने शुल्काची मागणी पुढे केली. चिडलेल्या प्रोग्रामरांनी मग पीएनजी हा नवा, मोकळा चित्रप्रकार तयार केला. अमेरिकेतील ते पेटंट २००३ मध्ये संपले. मधल्या काळात कितीजणांचे श्रम केवळ एका मालकीला वळसा घालण्यात गेले! कल्पना खुली ठेवण्याच्या बाजूने मी आहे तो अशा उदाहरणांमुळे.

दुसरा प्रश्न नावाचा, आणि तेथे मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. वेळापत्रकात तास एकमेकांवर येऊ नयेत ही कल्पना आपली नव्हे. ती प्रत्येक मुख्याध्यापकाची आहे. पण मॅक्रोचा कोड आपण लिहिला, तो साहित्यकृती आहे, आणि कलम ५७ लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा विशेष हक्क देते. हा हक्क मालकीपासून वेगळा आहे. लेखकाने सर्व हक्क विकून टाकले तरी तो त्याच्यापाशी राहतो. म्हणजे ती फाइल आपण नोकरीत असताना केल्यामुळे शाळेची ठरते असे कोणी म्हटले (अध्यापनाची नोकरी पाहता हा युक्तिवाद मला दुबळा वाटतो), तरी आपले नाव पुसून स्वतःचे घालण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. सार्वजनिक कामासाठी फुकट वाटलेल्या वस्तूवर नाव कशाला, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. जगातले मुक्त सॉफ्टवेअर मात्र नेमके नावावर चालते. एमआयटी परवाना हा त्यातला एक प्रचलित परवाना कोड कोणालाही वापरू देतो, विकूही देतो, आणि अट घालतो ती बहुतांशी एवढीच की मूळ कर्त्याची कॉपीराइट-नोंद व परवान्याचा मजकूर प्रतीतून काढू नये.

न्यायालयात जावे असे मी सुचवणार नाही. मॅक्रोचा संपादक उघडून पहिल्या ओळींत आपले नाव, गाव, तयार केल्याचे वर्ष आणि 'नाव कायम ठेवून वापरण्यास व बदलण्यास परवानगी आहे' एवढा मजकूर लिहावा, सुधारित आवृत्ती पुन्हा वाटावी, आणि त्या गृहस्थांना व प्रशिक्षण आयोजित करणाऱ्या कार्यालयाला जुन्या फाइलच्या तारखेसह एक सौम्य पत्र पाठवावे. जुनी फाइल एखाद्या सहकाऱ्याला ई-मेलने पाठवलेली असेल, तर तो मेल जपून ठेवावा. फाइलवरची तारीख बदलता येते, मेलमधली सहसा बदलता येत नाही.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात कोड पूर्ण मी व माझ्या मैत्रिणीने लिहिला. विषय आमच्या मार्गदर्शकांनी सुचवला होता. आता त्यांनी शोधनिबंधावर स्वतःचे नाव पहिले घातले आहे आणि सॉफ्टवेअर महाविद्यालयाचे असल्याचे सांगतात. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : विद्यार्थी हा नोकर नाही, त्यामुळे कोडची मालकी नोकरीच्या नियमाने महाविद्यालयाकडे जात नाही. प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदांत किंवा संस्थेच्या बौद्धिक संपदा धोरणात काही वेगळे लिहिले आहे का, ते मात्र पाहावे लागेल. कोडच्या बाबतीत विषय सुचवणारा लेखक ठरत नाही, लिहिणारा ठरतो. शोधनिबंधाची गोष्ट निराळी आहे. तेथे नावांचा क्रम कॉपीराइट कायदा ठरवत नाही, शैक्षणिक संकेत ठरवतात, आणि विषय, पद्धत व लेखन यांत मार्गदर्शकांचा वाटा खरोखर असेल तर त्यांचे नाव असणे गैर नाही. ते पहिले असण्याला मात्र कारण हवे. विभागप्रमुखांकडे दोघींनी मिळून लेखी अर्ज करावा आणि सोबत गिटमधील (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनातील) नोंदींची यादी जोडावी, कारण कोणती ओळ कोणी कधी लिहिली हे त्यात सरळ दिसते. अर्ज करण्यापूर्वी इंटरनेटवरून घेतलेल्या कोडच्या कर्त्यांची नावे तुमच्या प्रकल्पात आहेत ना, तेवढे पाहून घ्या.

प्रश्न : पथारीवर वाळत घातलेल्या लाल मिरचीचे छायाचित्र घेऊन तिची प्रत (दर्जा) सांगणारे ॲप मी केले आहे. एका सल्लागाराने ठरावीक रकमेत 'पेटंटची हमी' दिली, निम्मे पैसे घेतले आणि पेटंट कार्यालयाची पावतीही आणून दिली. बाकीचे पैसे द्यावेत का? (मिरची व्यापारी कुटुंबातील एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : थांबावे. पेटंटची हमी कोणीही देऊ शकत नाही, सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर नाहीच.

पेटंट कायदा, १९७० मधील कलम ३(के) गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक-प्रणाली आणि अल्गोरिदम (गणनेची पायरीवार रीत) यांना पेटंटयोग्य शोध मानत नाही. ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली. २००४ च्या अखेरीस सरकारने वटहुकूम काढून उद्योगातील तांत्रिक उपयोग असलेल्या किंवा यंत्राशी जोडलेल्या सॉफ्टवेअरसाठी दार किलकिले केले होते, पण २००५ मध्ये संसदेने कायदा करताना तो बदल वगळला. तेव्हापासून वाद 'निव्वळ' या एका शब्दावर चालू आहे. फरीद अलानी यांच्या पेटंट-अर्जाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले की शोधाचा तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दाखवता आले, तर तो संगणक-प्रणालीवर आधारलेला आहे एवढ्यावरून नाकारता येणार नाही. तुमचे ॲप छायाचित्र घेऊन प्रत सांगते एवढ्यावर अर्ज बहुधा अडखळेल. ॲपने सांगितलेल्या प्रतीवरून मिरची वेगळी करणारे यंत्र तुम्ही नव्या रीतीने चालवत असाल, तर विचार करण्याजोगे काही आहे. शिवाय हे ॲप तुम्ही बाजार समितीत चारचौघांना दाखवल्याचे पत्रात लिहिले आहे. ते अर्जाच्या तारखेआधी झाले असेल, तर पेटंटसाठी लागणाऱ्या नावीन्याचा मुद्दाच धोक्यात येतो.

पावतीबद्दल सांगायचे तर ती अर्ज दाखल झाल्याची असते, पेटंट मिळाल्याची नसते. बहुतेक वेळा तो तात्पुरता अर्ज असतो, ऑनलाइन दाखल करण्यासाठी व्यक्तीला त्याचे सरकारी शुल्क १,६०० रुपये पडते, आणि १२ महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही तर तो सोडून दिला असे समजले जाते. तुमच्या पावतीवर अर्जक्रमांक, दाखल केल्याची तारीख आणि अर्जदाराचे नाव असेल. अर्जदार म्हणून तुमचेच नाव आहे ना, हे सर्वांत आधी पाहा. मग सल्लागाराकडून दाखल केलेल्या तपशिलाची संपूर्ण प्रत मागा आणि ती नोंदणीकृत पेटंट एजंटाला दाखवा. प्रत देण्यास टाळाटाळ झाली, तर उरलेले पैसे देण्याचा प्रश्न उरत नाही, आणि दिलेल्या पैशांसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येईल. त्यासाठी 'हमी' हा शब्द त्यांनी संदेशात कोठे लिहून दिला आहे का, ते शोधून ठेवा.